कॅटस्किलचा चावीवाला

आमच्या ठाण्याच्या घरी मामाच्या ट्रंकेत काळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. पानोपानी ग्रीसच्या बोटांचे ठसे. अक्षर बारीक, किरटं, पण रेवदंड्याच्या शाळेत घोटलेलं. त्यात लिहिलंय, ‘मोठ्या मेपलखाली, दगडापासून सहा पावलं तळ्याकडे – मुख्य चावी.’ पुढच्या पानावर, ‘भटारखाना, दुधाची बाजू – वायसर दर साली बदलणे.’ न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किलच्या डोंगरात ज्यू मुलांचा उन्हाळी कॅम्प भरे, त्याची ही वही. सव्वीस उन्हाळे मामानं त्या कॅम्पच्या नळांची, छपरांची आणि तारांची राखण केली. आई त्याला ‘अमेरिकेतला चावीवाला’ म्हणायची. आपल्याकडे आळीला पाणी सोडणाऱ्या माणसाला म्हणतात तेच नाव, आणि मामाला ते मनापासून आवडायचं.

आम्ही बेने इस्रायल. आमचे पूर्वज कोकणात घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. साठच्या दशकात मामा इस्रायलला गेला, दिमोनात इमारतींवर प्लंबिंग शिकला, पुढे एका नातेवाइकाच्या ओळखीनं अमेरिकेला पोचला आणि १९७६ च्या मे महिन्यात त्या कॅम्पच्या फाटकाशी उतरला. तिथला मुख्य कारागीर साठी ओलांडलेला, डोंगरातला शेतकरी, ख्रिस्ती. मामा त्याला ‘बाबा’ म्हणायचा. इंग्रजी तोकडं होतं आणि वडीलधाऱ्या माणसाला नावानं हाक मारणं जिभेवर येईना. बाबांनी विचारलं, तुझे लोक काय करायचे? मामानं शनवार तेली म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, काम न करण्याच्या दिवसावरून नाव पडलेली माणसं मी पहिल्यांदाच पाहतोय.

मामाकडच्या पुष्कळशा गोष्टी मुळात या बाबांच्या, आणि बाबांकडे त्या त्यांच्या वडलांकडून आलेल्या; तेही याच कॅम्पवर राबलेले. असे ज्यू कॅम्प सुरुवातीला निघाले ते शहरातल्या कोंदट चाळींमुळे. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबं एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायची. तिथल्या मुलांना चार दिवस मोकळी हवा मिळावी म्हणून १९०२ मध्ये हडसनकाठी कोल्ड स्प्रिंगजवळ सरप्राइज लेक कॅम्प सुरू झाला. पुढे रंगभूमी गाजवणारा एडी कँटर लहानपणी तिथेच गेला होता. १९२३ मध्ये ऱ्हाइनबेकला यिडिश भाषेसाठीचा बोइबेरिक कॅम्प भरू लागला. १९४१ मध्ये मस्साद आला, तिथे बेसबॉलसुद्धा हिब्रूतून खेळत. १९४७ मध्ये विस्कॉन्सिनला पहिला रामा कॅम्प. आपली भाषा, प्रार्थना, गाणी पुढच्या पिढीच्या हातून निसटतील ही धास्ती या नंतरच्या कॅम्पांच्या मुळाशी होती.

बाबांच्या वडलांना ही कारणं ठाऊक नसावीत. त्यांना बर्फ ठाऊक होतं. जानेवारीत तळं गोठलं की करवतीनं त्याच्या लाद्या कापायच्या, घोड्यांनी ओढून आणायच्या आणि लाकडी कोठीत भुश्शात पुरून ठेवायच्या. जुलैमध्ये मुलं जे गार दूध पीत, ते या जानेवारीच्या बर्फावर. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. शहरातलं पोर ओठांवरचं दूध पुसत असताना भर थंडीत बोटं बधिर करून घेतलेल्या माणसाची त्याला खबरही नव्हती.

आणि पोलिओचे उन्हाळे. १९१६ च्या साथीत एकट्या न्यूयॉर्क शहरात दोन हजारांहून जास्त माणसं दगावली, बहुतेक लहान मुलं. त्यानंतर साथीची बातमी आली की डोंगरातले कॅम्प फाटकं लावून घेत. आईवडलांच्या भेटी बंद. पुढच्या अशाच एका साथीच्या उन्हाळ्यात बाबा पंधरा-सोळा वर्षांचे होते. पत्रं, खाऊ, किराणा सगळं फाटकाबाहेर ठेवलेलं असे, ते उचलून आत आणायचं काम त्यांचं. त्यांनाही आठ-आठ दिवस घरी जाता येत नसे, रात्री सुतारखोलीत झोपायचे. १२ एप्रिल १९५५ ला साल्कची लस उपयोगी असल्याचं जाहीर झालं, तेव्हा बाबांच्या वडलांनी फाटकाची जुनी साखळी काढून तळ्यात फेकली. धक्क्याचे खांब रोवताना ती कधी तरी हाताला लागेल असं बाबांना वाटायचं. लागली नाही.

१९८९ मध्ये मी तिथे तीन आठवडे राहिले. मे अखेरची थंडी, एकही मूल नाही, केबिनांत उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या. मामा म्हणाला, ‘लोकांना वाटतं, मुलांची बस आली की कॅम्प सुरू होतो. मी पाणी सोडतो तेव्हा होतो.’ त्या भागात हिवाळ्यात जमीन तीन-चार फूट खोल गोठते, आणि उन्हाळ्यापुरत्या बांधलेल्या केबिनांचे पाइप असतात वरच्यावर. आत पाणी साचून राहिलं तर ते गोठून फुगतं आणि तांब्याचा पाइप शेंगेसारखा उकलतो. म्हणून थंडी पडायच्या आत सगळे पाइप रिकामे करायचे, कंप्रेसरनं हवा मारायची, मोऱ्यांच्या वाकड्या नळ्यांत न गोठणारं गुलाबी पाणी ओतायचं. वसंतात हे सगळं उलट. मुख्य चावी पाव फेरा फिरवायची आणि कान लावून थांबायचं. मामा गुडघ्यावर बसून जमिनीचा आवाज ऐकत होता. कुठे फुसफुसलं की मी चुन्याची खूण करायची. पहिल्या दिवशी एकोणीस खुणा झाल्या. नंतर क्लोरीन सोडून पाइप धुवायचे, पाण्याचा नमुना तपासायला पाठवायचा. आरोग्य खात्याचा परवाना मिळाल्याशिवाय एकही मूल आत येत नाही.

मांस आणि दूध एकमेकांना लागू द्यायचं नाही हा ज्यू नियम, म्हणून भटारखान्यात लाल आणि निळी अशी दोन राज्यं, मांसाची आणि दुधाची. भांडी, मोऱ्या, फडकीसुद्धा वेगळी, आणि मामाच्या पेटीत ब्रशही दोन रंगांचे. शुक्रवारी दुपारी मात्र सगळी कामं टाकून तो एरुवची तार तपासायला निघे. कॅम्पभोवती खांबांवरून ताणलेली ही तार अखंड असली, तरच शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी, कुशीत बाळ किंवा हातात पुस्तक घेऊन बाहेर फिरता येतं. फांदी पडून ती तुटली तर ती सीमाच राहत नाही. सूर्य मावळायच्या आत आम्ही तिची संपूर्ण फेरी पुरी करायचो.

आणि सूर्य मावळला की मामाचा पाना पेटीत. एका शुक्रवारी रात्री मुलींच्या न्हाणीघरात पाइप फुटला. बाबांना सांगणंही मामाला नियमानं जमत नव्हतं. धर्मात ज्यूनं शब्बाथला दुसऱ्याला काम सांगणंही टाळायचं असतं. तो नुसता दारात उभा राहिला. बाबा रात्रीच्या फेरीवर होते. पायाखालची ओल बघितली, अवाक्षर न विचारता चावी बंद केली आणि दोन वाजेपर्यंत पाइप जोडला. रविवारी सकाळी बाबा चर्चला गेले की कॅम्प मामाच्या ताब्यात. हा करार दोघांनी कधी बोलून केला नव्हता. धर्मांच्या सलोख्यावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. त्या न्हाणीघराएवढा सलोखा मला कुठल्याच भाषणात सापडला नाही.

जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास, तिशा बआव, दर साली कॅम्पच्या दिवसांतच येतो. मुलं अंधारात जमिनीवर बसून विलापगीतं ऐकतात. आमच्यात तो बिरड्याचा सण. उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्यानं. मामा ठाण्याहून वाल न्यायचा, भिजवून फडक्यात बांधायचा आणि बॉयलरच्या खोलीत टांगायचा. तिथल्या उबेला दोन दिवसांत लांब मोड यायचे. मग दोघं पायरीवर बसून वाल सोलायचे. तिसऱ्या वर्षी बाबा मामापेक्षा भरभर सोलू लागले. नारळ नसल्यानं बिरडं कोरडंच व्हायचं. बाबांची बायको पाव आणायची.

बाबा १९९४ मध्ये गेले. मामा २००१ च्या शरदात शेवटचे पाइप रिकामे करून निघाला, नव्या माणसाला वहीतलं सगळं इंग्रजीत उतरवून दिलं आणि मूळ वही ठाण्याला आणली. कॅम्पनं आपला इतिहास छापला, तेव्हा त्यात संचालक, गायनशिक्षक, देणगीदार सगळे आले. बाबा नाहीत, मामा नाही. बोइबेरिक १९७९ मध्ये बंद झाला, त्या जागेवर आज ओमेगा संस्थेचे वर्ग भरतात. त्याची गाणी लोकांनी जपून ठेवली आहेत. त्याच्या चाव्या कुठे पुरल्या होत्या, हे कुणी लिहून ठेवलंय का?

तुमच्या घरात कुणी वॉचमन, वायरमन, खलाशी, भटारी, चावीवाला होता का? त्यांच्या ट्रंकेत अशी वही असेल तर रद्दीत देऊ नका. आणि तो माणूस हयात असेल तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, आणि मुख्य चावी कुठे होती ते विचारा.