पेडणे-डिचोलीचे ग्रामजीवन : अर्थव्यवहार आणि करमणूक

गोव्याच्या उत्तरेकडचे पेडणे व डिचोली हे तालुके नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखात, मोडतात. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले, तरी इथल्या गावकीचे आणि देवकार्याचे धागे तेरेखोल नदीपलीकडे जुळलेलेच राहिले. अशा गावांचा अभ्यास करताना शेती एका प्रकरणात आणि जत्रा-नाच दुसऱ्यात घालणे सोयीचे असते. पण त्यामुळे दोन्ही अर्धवट कळतात, कारण इथली करमणूक जमिनीच्या वेळापत्रकावर आणि जमिनीच्या हक्कावर उभी आहे. पावसाळी भाताची मळणी आटोपली की पौषाच्या रात्री बायका मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र अंगणात, धालो हा गाण्या-नाचाचा खेळ खेळतात, फाल्गुनात शिगमो येतो. दहीकाल्यांचा, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी नाटकांचा, हंगाम कार्तिकापासून पावसाच्या तोंडापर्यंत चालतो आणि दशावतारातले कितीतरी नट पाऊस पडला की नांगर धरतात. मांडावरचा मानही जमिनीशी बांधलेला असतो. देवाचे प्रतीक असलेले तरंग कोणी धरायचे, ढोलावर पहिली टिपरी कोणाची, हे गावकारीच्या, म्हणजे गावाच्या मूळ भागीदार घराण्यांच्या, हक्कावरून ठरते. १९३३ च्या नियमावलीनुसार मामलेदार देवस्थानांचा प्रशासक असतो, त्यामुळे मानापानाचे तंटे त्याच्या कचेरीत पोहोचतात. त्यांना निव्वळ हट्ट समजणे अन्यायाचे आहे. गावात आपली जागा कोणती, हा त्यामागचा खरा प्रश्न असतो.

हा सगळा धर्मविधी आहे, त्याला करमणूक का म्हणावे, असा आक्षेप घेतला जातो. दहीकाल्यात गणपती आणि संकासुर येऊन गेल्यावर लिखित संहितेशिवाय, नटांच्या हजरजबाबीपणावर आख्यान रंगते, आणि लोक पहाटेपर्यंत बसतात ते त्यासाठी. धालोच्या शेवटच्या रात्री बायका पुरुषी सोंगे घेऊन घरच्या कारभाऱ्यांच्या नकला करतात. विधीच्या आडोशाने मिळालेली ही मोकळीक वर्षभराच्या राबण्याइतकीच नोंद घेण्याजोगी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डिचोलीत खाणी आल्या, पेडण्यातल्या मोपाच्या सड्यावर २०२२ मध्ये विमानतळ झाला, शेती मागे पडली, तरी जत्रा भरतातच. मग शेतीशी नाते उरले कुठे? नाते तुटले नाही, ते धान्यावरून रोख मजुरीवर आले. १९५० च्या दशकात जपानकडे जाणाऱ्या लोहखनिजाने डिचोलीत रोख पैसा आणला; २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेली घरे अडचणीत आली. डिचोलीतल्या शिरगावात लईराई देवीच्या जत्रेला धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, मोगऱ्याच्या माळा आणि वेत घेऊन होमकुंडाकडे जातात, आणि त्याच गावाची जमीन खाणींनी पोखरली आहे. जत्रेतल्या दुकानांवर बेसनाच्या कांड्या गुळाच्या पाकात घोळून, तीळ-आले लावलेले खाजे विकले जाते. त्याची विक्री गावच्या खिशाचा अंदाज चांगला देते.

मात्र या जीवनाला एकोप्याचे गोड चित्र मानू नये. गावकार नसलेल्या कुळांना आणि भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना मांडावर बहुधा कष्टाचा वाटा मिळाला, मानाचा क्वचित. म्हणून अभ्यासकाने नाचणाऱ्यांबरोबर मांड सारवणाऱ्यांचीही विचारपूस करावी; वाजंत्र्याला सेवेपोटी जमीन होती का, ती कुळकायद्यानंतर कोणाकडे राहिली, आणि आज त्याला भात मिळते की रोख, हे घरोघर जाऊन लिहून घ्यावे.