परदेशात दारू पिऊन गाडी चालवली तर व्हिसाचं काय होतं? बारामती-इंदापूरच्या पालकांसाठी माहिती

बारामती : बारामती, इंदापूर तालुक्यांतील मुलं शिक्षण-नोकरीसाठी परदेशी जातात. काही जण जाताना आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढतात. मात्र तिथं दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं, तर प्रकरण दंडावर मिटत नाही.

आपल्याकडे काय?
मोटार वाहन कायदा कलम १८५ नुसार १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कोर्टात दंड भरला की सुटलो, असं लोक धरून चालतात. परदेशात मात्र कोर्टाचा हिशेब वेगळा आणि व्हिसाचा वेगळा.

अमेरिका
गेल्या पाच वर्षांत अशा प्रकरणात नुसती अटक झाली असली, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यासाठी दोषी ठरावंच लागतं असं नाही. व्हिसा रद्द झाला म्हणून लगेच देश सोडावा लागतोच असं नाही. पण दिवाळीला किंवा घरच्या लग्नाला गावी आलं, की परत जायला नवा व्हिसा लागतो. त्याआधी वैद्यकीय तपासणीही सांगितली जाते. अमली पदार्थ सापडले किंवा कुणी जखमी झालं, तर प्रकरण आणखी अवघड होतं.

कॅनडा
१८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा पाचवरून १० वर्षं झाली. त्यामुळे तो 'गंभीर गुन्हा' ठरतो आणि कायम रहिवासी (पीआर) असलेल्यालाही देशाबाहेर काढता येतं. बेदरकार ड्रायव्हिंगचंही तसंच. एप्रिल २०१८ मध्ये सस्कॅचवानमध्ये ट्रक आणि हॉकी संघाच्या बसची धडक होऊन १६ जण गेले. ट्रकचालक मूळचा भारतीय, पीआर असलेला आणि दारू न प्यायलेला होता. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली आणि मे २०२४ मध्ये हद्दपारीचा आदेशही निघाला.

ऑस्ट्रेलिया
१२ महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली, तर 'चारित्र्य चाचणी'त माणूस नापास होतो.

काय करावं?
- गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. दंड कमी होतोय म्हणून घाईनं सही करू नये. कबुलीमुळे हद्दपारी होणार असेल तर वकिलानं आशिलाला ते सांगितलंच पाहिजे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दिला आहे.
- अटक झाल्यास भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करावी. तो हक्क आहे.
- इथली जुनी केसही लपवू नये. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात अटक आणि शिक्षा दोन्ही विचारतात. खोटी माहिती दिली, तर कायमची बंदी येऊ शकते. कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी.

पोराच्या शिक्षणासाठी घरानं कर्ज काढलेलं असतं. प्यायल्यावर टॅक्सीनं घरी जाणं त्यापुढे स्वस्तच.