सहा मतांचं अंतर

२७ ऑक्टोबर २०१०. कॅनडाच्या संसदेत सी-३०० या विधेयकावर मतदान झालं. बाजूने १३४, विरोधात १४०. विधेयक पडलं. खाण कंपन्यांचा इतिहास वाचताना मी या आकड्यांपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो.

जगातल्या कितीतरी खाण कंपन्या टोरांटोच्या शेअर बाजारात नोंदवलेल्या आहेत. त्यांच्या खाणी मात्र लॅटिन अमेरिकेत, आफ्रिकेत, आशियात. जमीन एकाची जाते, नफ्याचा हिशेब दुसरीकडे होतो. मग तक्रार करायची कुठे?

२००५मध्ये संसदीय समितीने सरकारला सांगितलं, की परदेशातल्या खाणींसाठी कायद्याचे स्पष्ट नियम करा. सरकारने चर्चासत्रं भरवली. २००७च्या अहवालात लोकपाल सुचवला गेला. त्यावर उद्योगांचे आणि स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधीही एकत्र आले होते. २००९मध्ये प्रत्यक्षात मिळाला तो एक सल्लागार. त्याच्यासमोर यायचं की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. २०११मध्ये मेक्सिकोतल्या एका खाणीची तक्रार आली, कंपनी बोलण्यांतून उठून गेली आणि प्रकरण तिथेच संपलं.

लिबरल खासदार जॉन मॅके यांचं सी-३०० नेमकी हीच फट बुजवू पाहत होतं. मंत्र्यांनी तक्रारींची चौकशी करायची आणि कंपनी दोषी आढळली तर सरकारी निर्यात-कर्ज आणि दूतावासाचा पाठिंबा काढून घ्यायचा. तुरुंग नाही, दंड नाही. फक्त जनतेचा पैसा नाही. तरीही मतदानाला मॅके यांच्याच पक्षाचे काही खासदार आले नाहीत. खुद्द पक्षनेते मायकल इग्नाटिफही गैरहजर होते. मला विरोधातल्या १४० मतांपेक्षा या रिकाम्या खुर्च्या जास्त बोलक्या वाटतात.

२०१८मध्ये सरकारने स्वतंत्र लोकपालाची घोषणा केली. २०१९मध्ये नेमणूकही झाली, पण साक्षीदार आणि कागदपत्रं हजर करायला लावण्याचा अधिकार दिला नाही.

दरम्यान इरिट्रियाचे काही कामगार थेट कोर्टात गेले होते. लष्करी सेवेच्या नावाखाली बिशाच्या खाणीत आपल्याला वेठीला धरलं, असा त्यांचा आरोप. नेव्हसन कंपनीने तो नाकारला. २८ फेब्रुवारी २०२० रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा दावा चालू शकतो, असं सांगितलं. त्याच वर्षी तडजोड झाली. त्यामुळे आरोप खरे की खोटे, याचा निवाडा झालाच नाही.

आपल्याकडे सीएसआर म्हटलं की नफ्यातले २ टक्के, शाळेचे बाक आणि झाडं लावल्याचे फोटो आठवतात. कॅनडाची ही गोष्ट वाचल्यापासून मी वेगळा प्रश्न विचारतो: कंपनीने किती दिलं हे ठीक, पण तिने काय बिघडवलं ते विचारण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे?