‘लेड’ लिहिताना ‘ए’ नको

इंग्रजीतील ‘लीड’ म्हणजे नेतृत्व करणे. या क्रियापदाचा भूतकाळ ‘लेड’ असून त्याचे स्पेलिंग एल-ई-डी एवढेच आहे. तरीही नोकरीच्या अर्जात ‘पाच जणांच्या गटाचे नेतृत्व केले’ हे सांगताना अनेक जण मध्ये ‘ए’ घालतात. ज्या वाक्यावरून उमेदवाराची पारख व्हायची, नेमके तेच चुकते.

घोटाळ्याचे मूळ ‘रीड’मध्ये आहे. त्याचा भूतकाळ ‘रेड’ असा उच्चारला जातो, पण स्पेलिंग बदलत नाही. तोच न्याय ‘लीड’ला लावला जातो. शिवाय शिसे या धातूचे इंग्रजी नाव एल-ई-ए-डी असे लिहून ‘लेड’ असेच उच्चारतात. (पेन्सिलीतील ‘लेड’ हेच, जरी तिच्यात शिसे नसून ग्रॅफाइट असते.) दोन्ही शब्द कोशातले असल्याने संगणकावरील स्पेलचेकही अनेकदा हटकत नाही.

‘मिसलीड’चा भूतकाळ ‘मिसलेड’, तोही ‘ए’विना. ‘हॅव’ किंवा ‘हॅड’नंतर तसेच कर्मणी प्रयोगातही एल-ई-डीच. ‘डिड नॉट’नंतर मात्र मूळ रूप येते, म्हणून तेथे ‘ए’ हवाच. शंका आल्यास वाक्य मोठ्याने वाचावे: उच्चार ‘लेड’ होत असेल आणि विषय शिशाचा नसेल, तर ‘ए’ खोडावा.