डॅन्यूबच्या मुखाशी

डॅन्यूब नदी मी वर्गात नकाशावर पट्टीने दाखवत असे. जर्मनीत उगम, काळ्या समुद्रात मुख. पाठ्यपुस्तकात तेवढेच होते.

त्या मुखासमोरच्या उथळ समुद्रात १९०८ साली झेर्नोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला तांबड्या शेवाळाचे अफाट कुरण सापडले. मासे, खेकडे, शिंपले सारे त्याच्या आसऱ्याला. पुढे १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारा कारखाना निघाला आणि खताला तोटा उरला नाही. साठच्या दशकापासून डॅन्यूबकाठच्या समाजवादी देशांनी ते सरकारी अनुदानावर शेतांत अक्षरशः ओतले. पिकांनी घेतले तेवढे घेतले. उरलेले पावसाबरोबर नदीत, नदीबरोबर समुद्रात. (शहरांचे सांडपाणीही होतेच, सगळा दोष शेतकऱ्याला नको.) पाण्यावर सूक्ष्म शेवाळ माजले, तळाचा उजेड गेला. ते मरून तळाशी बसे आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपे. ऐंशीच्या दशकात दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटर तळ गुदमरत होता. कुरण जवळजवळ संपले.

१९८९ ते १९९१ मध्ये त्या राजवटी कोसळल्या. अनुदाने थांबली, खताचा वापर निम्म्याहून खाली आला. १९९६ पर्यंत तो गुदमरलेला पट्टा बहुतांशी नाहीसा झाला होता!

हे कोणी शहाणपणाने केले नाही. शेतकऱ्यांकडे खताला पैसे नव्हते, इतकेच. समुद्राला श्वास मिळाला तो त्यांच्या हलाखीतून, हे मला टोचत राहते. शिंपले पुष्कळसे परतले. झेर्नोव्हचे कुरण मात्र पूर्वीइतके पसरलेले नाही.