बारा पेन्स आणि पाच हजार रुपये

‘ठाण्यात गेलो, एन.सी.चा कागद हातात देऊन परत पाठविले,’ ही तक्रार झरीच्या माणसाने सांगावी आणि परभणीच्या माणसाने नुसती मान डोलवावी, इतकी ती आपल्या परिचयाची आहे. फिर्यादीला वाटते, आपला गुन्हा लहान ठरला. हा लहानमोठेपणा कोणी व कशावरून ठरविला, हे आज पाहावयाचे आहे.

इंग्लंडात गुन्ह्यांच्या दोन जाती होत्या. ‘फेलनी’ म्हणजे जबर गुन्हा. तो शाबीत झाला की बहुधा फाशी, आणि चीजवस्तू राजाकडे जप्त. ‘मिस्डिमीनर’ म्हणजे त्याखालचा गुन्हा. चोरी फेलनीतच मोडे; पण तिच्यातही १२७५ च्या कायद्याने रेघ ओढलेली होती. माल बारा पेन्सांहून अधिक किमतीचा असेल तर जीवावरची शिक्षा, एरवी फटक्यांवर सुटका. पुढे महागाई वाढली, रेघ मात्र जागची हलली नाही. तेव्हा पंच मंडळी काय करीत? चांगल्या मालाची किंमत शपथेवर दहा पेन्स ठरवीत आणि माणसाची मान वाचवीत! ही रेघ १८२७ साली पुसली गेली, आणि फेलनी-मिस्डिमीनर हा भेद तर तेथे १९६७ मध्ये मोडीत निघाला.

आपल्याकडे तो भेद रुजलाच नाही. मेकॉले व त्याच्या सहकाऱ्यांनी १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला, तो १८६० मध्ये कायदा झाला व १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्यात हे दोन शब्द नाहीत. चोरी ती चोरी. कलम ३७९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, मग माल शंभराचा असो वा लाखाचा. मेकॉलेविषयी आपल्या मनात पुष्कळ राग आहे व तो अस्थानी नाही. परंतु या एका बाबतीत गरिबाच्या लोटीला त्याने सावकाराच्या तिजोरीच्या पंक्तीला बसविले, हे कबूल केले पाहिजे.

त्याऐवजी फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याने निराळाच प्रश्न विचारला: पोलिसाने वॉरंटाशिवाय हात घालावा की नाही? घालता येतो तो दखलपात्र, नाही तो अदखलपात्र. निजामी अमदानीत आपल्या कचेऱ्या उर्दूत चालत; तेथे याला ‘काबिले दस्तअंदाजी’ म्हणत. दस्त म्हणजे हात. आमच्या मते हा शब्द ‘दखलपात्र’पेक्षा अधिक बोलका आहे. भारताचा दंडकायदा आपल्याकडे १९५१ मध्ये लागू झाला आणि हात जाऊन दखल आली.

म्हणून दखलपात्र म्हणजे मोठा, हे समीकरण खरे नव्हे. पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न करण्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, तरी तो गुन्हा अदखलपात्र. बेदरकार गाडी हाकण्यास सहा महिने, आणि तो दखलपात्र! पहिल्यात घरातील भांडणात शिपाई शिरू नये हा विचार. दुसऱ्यात रस्त्यावरचा धोका तेथल्या तेथे थांबावा हा. अदखलपात्र गुन्ह्यात ठाणे अंमलदार नोंद करतो आणि फिर्यादीला मॅजिस्ट्रेटकडे पाठवितो. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावाचून त्याला तपासच करता येत नाही. ज्याला परभणीच्या कोर्टाची खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी, त्याची फिर्याद बहुधा तेथेच संपते.

आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे, आणि तिने चोरीच्या कलमात पुन्हा रेघ ओढली आहे. माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा, चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि त्याने माल अथवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. हे उत्तम झाले. पोटासाठी एकदा चुकलेल्याला तुरुंगात सडविण्यात काय अर्थ? पण त्याच्याच जोडीला कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याने पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र करून टाकली. सवलत चोराच्या शिक्षेत द्यावयाची होती. ती मालकाच्या फिर्यादीतून कापली गेली. चोर सापडल्याखेरीज तो पहिल्यांदाचा आहे की सराईत, हे तरी कळणार कसे?

झरीच्या शिवारातून एखाद्या विधवेची शेळी गेली, असे समजा. राहत्या घरातून नेली असती तर कलम ३०५, सात वर्षांपर्यंत कैद आणि दखलपात्र. चरता चरता गेली, म्हणजे आधी किमतीचा प्रश्न. इंग्लंडातले पंच माणूस वाचविण्यासाठी किंमत उतरवीत. या बाईला शिपाई मिळविण्यासाठी ती चढवावी लागेल. अंमलदार पावती मागेल, आणि शेळी तर घरच्याच शेळीच्या पोटची.