जुन्या जिप्सीला हेडर बसवताना : निवड, जोडणी आणि नियम

मारुती जिप्सी भारतीय रस्त्यांवर डिसेंबर १९८५ मध्ये आली. आरंभी तिच्यात ९७० घनसेंटिमीटरचे इंजिन होते. १९९६ पासून ‘जिप्सी किंग’ला १२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन मिळाले. २०१८ च्या अखेरीस सामान्य ग्राहकांसाठी तिची नोंदणी थांबली, तरी चोर्ला व अनमोड घाटांत आणि सत्तरी-सांगेच्या कच्च्या वाटांवर ही चारचाकी-चालनाची गाडी आजही दिसते. या वयाच्या गाड्यांत एक दुखणे वारंवार आढळते, ते म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला गेलेला तडा किंवा त्याच्या बैठकीतील गळती.

लक्षण ओळखण्यासारखे आहे. थंड इंजिन सुरू करताच ‘टक-टक’ असा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो मंदावतो, कारण तापलेले लोखंड प्रसरण पावून फट अंशतः बुजवते. हा आवाज पुष्कळदा टॅपेटचा समजला जातो आणि दुरुस्ती लांबणीवर पडते. ते धोक्याचे आहे. सायलेन्सरपर्यंत न पोहोचता बॉनेटखाली सुटणारा वायू डॅशबोर्डमागील छिद्रांतून आत शिरू शकतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. पावसात ताडपत्रीचे पडदे बंद करून चालणाऱ्या गाडीत डोके दुखणे वा गुंगी येणे ही त्याची पहिली खूण असते. अशा वेळी मालकासमोर दोन पर्याय उरतात : मूळ पद्धतीचा ओतीव मॅनिफोल्ड किंवा नळ्यांचा हेडर.

हेडर काय करतो

ओतीव मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरांचे मार्ग आखूड असून लगेच एकत्र येतात. त्यामुळे एका सिलिंडरातून सुटलेला दाब दुसऱ्याच्या वाटेत येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, शक्यतो समान लांबीची नळी असते. एका नळीतून वेगाने गेलेला वायू मागे कमी दाब निर्माण करतो आणि पुढच्या सिलिंडरातील जळका वायू ओढून घेण्यास साहाय्य करतो.

हा लाभ मर्यादित असतो. पुढचा सायलेन्सर आणि त्याची नळी मूळचीच असतील, तर केवळ हेडरमुळे शक्तीत पडणारा फरक चालकाला जेमतेम जाणवतो. तडा गेलेला मॅनिफोल्ड बदलायचाच असेल, तर हेडरचा विचार करणे रास्त ठरते. सुस्थितीतील मॅनिफोल्ड केवळ आवाजासाठी काढणे शहाणपणाचे नाही.

निवड

जिप्सीचे खरे काम कमी वेगात, चढावर आणि चिखलात असते. म्हणून कमाल शक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवरील ओढ महत्त्वाची. त्यासाठी ‘चार-दोन-एक’ रचना अधिक योग्य मानली जाते. या इंजिनात प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा असतो. पहिला व चौथा आणि दुसरा व तिसरा अशा जोड्या केल्यास प्रत्येक जोडीतील दोन स्पंदनांत क्रँकशाफ्टच्या एका पूर्ण फेरीचे अंतर राहते व ती एकमेकांस अडवत नाहीत. ‘चार-एक’ रचना जास्त फेऱ्यांवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांना मानवते.

जाड नळी म्हणजे अधिक ताकद, हा समज चुकीचा आहे. नळी गरजेपेक्षा रुंद झाली की वायूचा वेग घटतो आणि चढावरची ओढ कमी होते. १३०० घनसेंटिमीटरच्या इंजिनासाठी बाहेरून दीड इंचाच्या आतबाहेरची नळी पुरेशी होते.

धातूचा विचार हवामान पाहून करावा. साधे पोलाद स्वस्त आणि वेल्डिंगला सोपे, पण किनारपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत ते लवकर गंजते. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील टिकाऊ असते. मात्र तापल्यावर ते साध्या पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून त्याच्या जोडांना हालचालीस वाव लागतो. नळ्यांवर उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे. परंतु ती पट्टी पावसाचे पाणी धरून ठेवते आणि साधे पोलाद आतल्या आत कुजवते. कोकणपट्टीत सिरॅमिकचा लेप बरा. इंजिनाच्या डोक्यावर बसणारी चकती जाड, सुमारे १० मिलिमीटरची असावी. पातळ चकती तापून वाकते आणि गळती पुन्हा सुरू होते.

जोडणी

या कामातील बहुतेक फजिती जुने नट काढताना होते. वर्षानुवर्षे तापून गंजलेले स्टड जोर लावताच तुटतात. आदल्या दिवशीच त्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे, बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि नट थोडा पुढे-मागे हलवत सोडवावा. नवे स्टड, नवे नट व नवे गॅस्केट आधीच आणून ठेवावे.

मॅनिफोल्ड निघाल्यावर इंजिनाच्या डोक्याची बैठक घासून स्वच्छ करावी आणि सरळ पट्टी व फीलर गेजने तिची सपाटी पाहावी. हेडरची चकतीही तशीच तपासावी. फट ०.१ मिलिमीटरहून अधिक असेल, तर पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घ्यावा. जादा गॅस्केट वा लांबी लावून ती झाकू नये.

गॅस्केट बसवून सर्व नट प्रथम हाताने फिरवावेत. मग मधल्या नटापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. ८ मिलिमीटरच्या स्टडला साधारणपणे २० ते २५ न्यूटन-मीटर ताण पुरतो. मात्र दुरुस्ती पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाले की नट पुन्हा तपासावेत. इंजिन आपल्या रबरी आधारांवर डोलते, हे ध्यानात ठेवून ब्रेकची नळी, इंधनाची नळी, स्टीअरिंगचा दांडा व वायरिंग यांपासून हेडर पुरेसा दूर राहील असे पाहावे.

इंधन-इंजेक्शनच्या जिप्सीत ऑक्सिजन सेन्सर असतो. चारही नळ्या एकत्र येतात तेथे, पाणी साचणार नाही अशा तिरक्या कोनात त्याची जागा ठेवावी. त्याच्या अलीकडे गळती राहिली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला मिश्रणात इंधन कमी भासते आणि संगणक विनाकारण जादा पेट्रोल देतो.

नियम

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. कलम १९०(२) खाली आवाज व हवा प्रदूषणाची मानके मोडणाऱ्या चालकास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सायलेन्सर कायम ठेवावा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्यास तो काढू नये. बसवण्याआधी वाहतूक खात्याच्या कार्यालयात विचारणा करावी आणि काम झाल्यावर प्रदूषण तपासणी करून घ्यावी. १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी गाडीची तपासणी होतेच. मूळ मॅनिफोल्ड दुरुस्त होण्याजोगा असेल, तर तो टाकून न देता जपून ठेवावा.

जोडणी नीट झाली की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. थंड इंजिन सुरू करून बॉनेट उघडे ठेवावे आणि कान द्यावा. टकटक थांबलेली असेल, चकतीच्या कडेला काजळीचा डाग नसेल आणि पडदे बंद केलेल्या गाडीत धुराचा वास येत नसेल, तर काम साधले.